वेढ्यांतील वाद्यवृंद

भरतमुनींनीं वाद्यांचे चार वर्ग केले आहेत : तारांचीं तीं तत, फुंकून वाजवावयाचीं तीं सुषिर, चामड्यानें मढविलेलीं तीं अवनद्ध आणि टाळझांजांसारखीं तीं घन. अनेक वादक एकत्र बसवून केलेल्या मेळास त्यांनीं ‘कुतप’ असें नांव दिलें आहे, आणि त्याचें काम नाट्यांत रसास साहाय्य करण्याचें. रणांगणावरील वाद्यांचें काम निराळें. गीतेच्या पहिल्याच अध्यायांत शंख, भेरी, पणव, आनक व गोमुख यांचा जो कल्लोळ उठतो, तो आपल्या वीरांस चेव आणण्यासाठीं आणि शत्रूच्या उरांत धडकी भरविण्यासाठीं. आपल्याकडील रणशिंग आणि नौबत हीं त्याच कुळांतलीं. तेव्हां संगीत आणि युद्ध यांचा संबंध आम्हांस नवा नाहीं. परंतु युद्ध पेटविणारें संगीत आणि युद्धास उत्तर देणारें संगीत यांत मोठें अंतर आहे. ह्या दुसऱ्या प्रकारचें एक उदाहरण आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तें ठेवण्याचें कारणही सांगून टाकतों. संगीत हा सुखवस्तु घरांतला अलंकार होय, पोट भरल्यावर सुचणारी ती गोष्ट होय, असें आमच्या सुशिक्षित वर्गांत पुष्कळांस मनांतून वाटत असतें. घरखर्चांत काटछांट करण्याची वेळ आली म्हणजे मुलीची गाण्याची शिकवणी सर्वांच्या आधीं बंद होते. शाळांतून वार्षिक परीक्षा जवळ आली कीं गायनाचा तास पहिल्यानें गणितास दिला जातो. आम्हीं तो अनेक वर्षें दिला जातांना पाहिला आहे. ज्या शहरांत खाण्यास अन्न नव्हतें, जळण नव्हतें आणि रस्त्यांतून प्रेतें पडलेलीं होतीं, त्या शहरांतील लोकांनीं ह्या प्रश्नाचा निकाल कसा लावला, तें पाहण्यासारखें आहे.

प्रथम सिंफनी म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. आपल्या मैफलींत गवई रागाचा विस्तार त्याच वेळीं स्वतःच्या बुद्धीनें करीत असतो, व साथीदार त्याच्या मागोमाग जातात. सिंफनींत तसें नाहीं. तेथें रचनाकार प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर आधींच कागदावर लिहून ठेवतो. साठ, ऐशीं, शंभर वादक आपापला कागद समोर ठेवून बसतात आणि एकाच वेळीं निरनिराळे स्वर वाजवितात. त्यांच्यापुढें हातांत छडी घेऊन उभा राहिलेला नायक लय आणि बलाबल सांभाळतो. नायक स्वतः एकही स्वर वाजवीत नाहीं. गाणारा बहुधा नसतो, म्हणून शब्दही नसतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस ही व्यवस्था समजावयास जड जाऊं नये. ज्याला सबंध रचनेंत दोनतीन वेळांच झांज वाजवावयाची असते, त्यालाही मात्रा मोजीत तासभर बसून राहावें लागतें. आणि त्याचा ठोका चुकला तर सर्वांचाच विरस होतो.

आतां मूळ कथा. दिमित्री शोस्ताकोविच ह्या रचनाकाराचा जन्म १९०६ सालीं रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें झाला. पुढें ह्याच शहराचें नांव लेनिनग्राड ठेवण्यांत आलें, व १९९१ सालीं तें पुन्हा पूर्ववत् झालें. आम्ही कथेच्या काळास धरून लेनिनग्राड असेंच म्हणूं. विशीच्या आंतच पहिल्या सिंफनीनें त्याची कीर्ति झाली. परंतु १९३६ च्या जानेवारींत स्टालिन त्याचें एक संगीत नाटक पाहावयास गेला, आणि दोनच दिवसांनीं ‘प्रावदा’ ह्या सत्ताधारी पक्षाच्या पत्रांत त्यावर बिनसहीचा लेख आला. त्याचा मथळाच मुळीं ‘संगीताऐवजीं गोंधळ’ असा होता. त्या दिवसांत त्या देशांत अशा लेखाचा अर्थ केवळ प्रतिकूल अभिप्राय एवढाच नव्हता. शोस्ताकोविचचा आश्रयदाता मार्शल तुखाचेव्स्की यास १९३७ सालीं गोळी घालून ठार करण्यांत आलें. शोस्ताकोविचनें आपली चौथी सिंफनी तालमी चालू असतांनाच परत घेतली; ती लोकांच्या कानीं पडावयास १९६१ साल उजाडावें लागलें. ही हकीकत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण तिचा पुढें संबंध आहे.

१९४१ च्या जूनच्या २२ तारखेस हिटलरचें सैन्य रशियांत शिरलें. सप्टेंबरच्या ८ तारखेस लेनिनग्राडचे जमिनीवरील सर्व मार्ग तुटले आणि शहरास वेढा पडला. हा वेढा ८७२ दिवस टिकला. सुमारें पंचवीस लक्ष लोक आंत अडकले होते. शोस्ताकोविचनें सैन्यांत घेण्याविषयीं अर्ज केला होता, पण तो घेतला गेला नाहीं. तेव्हां तो संगीत विद्यालयाच्या आग विझविणाऱ्या पथकांत दाखल झाला. दिवसां ही चाकरी आणि उरल्या वेळांत सातव्या सिंफनीचें लेखन, असा त्याचा क्रम होता. सप्टेंबरच्या १७ तारखेस त्यानें शहराच्या रेडिओवरून लोकांस सांगितलें कीं, नव्या रचनेचे दोन भाग लिहून पुरे झाले आहेत. वेढ्यांतील माणसांना ह्या बातमीचा अर्थ एवढाच होता कीं, कोणी तरी आपलें नेहमींचें काम सोडलेलें नाहीं. आमच्या मतें हा अर्थ लहान नव्हे.

ऑक्टोबरच्या आरंभीं सरकारनें त्याला कुटुंबासह विमानानें बाहेर काढलें. व्होल्गा नदीच्या कांठीं कुइबिशेव येथें, ज्यास आज समारा म्हणतात, त्यानें डिसेंबरच्या २७ तारखेस रचना पूर्ण केली आणि ती आपल्या शहरास अर्पण केली. १९४२ च्या मार्चच्या ५ तारखेस ती प्रथम तेथेंच वाजली. नंतर तिची सूक्ष्म छायाचित्रें घेऊन तीं तेहरान व कैरो या मार्गानें पश्चिमेकडे रवाना झालीं. जूनमध्यें लंडनला हेन्री वुड यांनीं आणि जुलैमध्यें न्यूयॉर्कला टोस्कानिनी यांनीं ती वाजविली. ज्या शहरासाठीं ती लिहिली, तेथें मात्र ती अद्यापि वाजली नव्हती.

तेथील स्थिति काय होती? १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत कारखान्यांतील मजूर खेरीजकरून इतरांस, म्हणजे कारकून, स्त्रिया आणि मुलें यांस, दिवसाकाठीं १२५ ग्रॅम पाव मिळे. जुन्या मापानें हें वजन अकरा तोळेही भरत नाहीं. आणि त्यांतही पिठाशिवाय कोंडा व इतर भेसळ असे. पाण्याचे नळ गोठले होते. लोक नेवा नदीवरील बर्फास भोकें पाडून बादलीनें पाणी नेत. लाडोगा सरोवर गोठल्यावर त्यावरून मोटारींनीं जें धान्य येई, तेवढाच बाहेरचा आधार होता. त्या वेढ्यांत किती माणसें मेलीं यासंबंधीं अंदाज निरनिराळे आहेत. कमींत कमी सहा लक्ष, आणि कित्येकांच्या मतें दहा लक्षांवर. त्यांतील बहुतेक भुकेनें मेलीं.

ह्या मरणप्राय शहरांत रेडिओचे कर्णे घरोघर आणि चौकाचौकांत लावलेले होते. कार्यक्रम नसे तेव्हां त्यांतून मात्रायंत्राचा टक्-टक् असा आवाज चालू ठेवीत. तो संथ असला म्हणजे शहर सुरक्षित. तो द्रुत झाला म्हणजे विमानांचा हल्ला. तालाचें महत्त्व आम्ही विद्यार्थ्यांस निरनिराळ्या प्रकारें समजावीत आलों. पण एका सबंध शहरानें केवळ लय ऐकून ‘आम्ही अजून जिवंत आहोंत’ हें जाणावें, असा दृष्टान्त आम्हांस दुसरा आढळला नाहीं.

शहरांतील थोरला वाद्यवृंद युद्धाच्या प्रारंभींच दूर सैबेरियांत हलविण्यांत आला होता. मागें राहिला तो रेडिओचा धाकटा वाद्यवृंद, आणि त्याचा नायक कार्ल एलियासबर्ग. हिंवाळ्यानंतर त्यानें वादक जमविले तेव्हां वाजविण्याच्या स्थितींत असलेले जेमतेम पंधरा निघाले. कित्येक मेले होते, कित्येक अंथरुणास खिळले होते. स्वतः एलियासबर्गही उपासमारीनें इतका खंगला होता कीं त्यास उपचारासाठीं ठेवावें लागलें होतें. मार्चच्या अखेरीस पहिली तालीम ठरली ती तीन तासांची. ती पाव तासांत आटोपती घ्यावी लागली. तुतारी फुंकणाऱ्याच्या छातींत वारा नव्हता, आणि नगारा वाजविणाऱ्याच्या हातांत बळ नव्हतें. सनईच्या जातीचें ओबो नांवाचें वाद्य वाजविणाऱ्या एका बाईची अशी गोष्ट सांगतात कीं, तिनें आपलें बिघडलेलें वाद्य दुरुस्तीस नेलें असतां कारागिरानें पैसे नकोत म्हणून सांगितलें व मजुरीदाखल एक मांजर मागितलें, खाण्यासाठीं.

आणि अशा वेळीं हातीं घ्यावयाची रचना कोणती? सव्वा तास चालणारी, शंभराहून अधिक वादक मागणारी. स्वरलेखाची प्रत विमानानें शहरांत उतरविण्यांत आली. प्रत्येक वादकाचा कागद नकलनविसांनीं हातानें लिहून काढला. वादक पुरेनात, तेव्हां सेनापति गोवोरोव यांच्या फौजेंतून तुताऱ्या वाजवितां येणारे शिपाई धाडण्यांत आले. वादकांस शिध्याचा थोडा अधिक वांटा मिळूं लागला. हळूहळू तालमी लांबत गेल्या.

एलियासबर्ग हा शिस्तीचा फार कडक होता. जो उशिरां येई किंवा कुचराई करी त्याचा जादा शिधा तो कापीत असे, आणि बायकोस मूठमाती देऊन आल्यामुळें उशीर झालेल्या एका वादकासही त्यानें सूट दिली नाहीं, असें सांगतात. हें वाचून आमच्याप्रमाणेंच वाचकांसही चटका बसेल. आम्हीं ह्या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. भुकेल्याच्या तोंडचा घांस काढणें हें कोणत्याही धर्मांत बसत नाहीं, आणि आम्ही तें समर्थनीय म्हणणार नाहीं. परंतु त्या मनुष्याचें म्हणणें काय असावें हें आम्हांस कळतें. प्रत्येकाच्या घरीं कोणी तरी मेलेलें होतें. एकाच्या दुःखास सूट दिली तर ती सर्वांस द्यावी लागली असती, आणि मग वाद्यवृंद उरलाच नसता. कुटुंबांत घरच्या माणसाचा मृत्यु झाला असतांही कोणास तरी चूल पेटवावी लागते, लेंकरांस जेवूं घालावें लागतें. आणि जी बाई तें करते तिला कित्येकदां कठोर काळजाची म्हणतात.

१९४२ च्या ऑगस्टच्या ९ तारखेस संध्याकाळीं तेथील फिलहार्मोनिक सभागृहांत कार्यक्रम ठरला. गोवोरोव यांच्या तोफखान्यानें आधींच जर्मन तोफांच्या जागा हेरून त्यांवर असा मारा केला कीं, त्या गप्प बसाव्या. एका सिंफनीसाठीं शांतता मिळावी म्हणून तोफा चालवाव्या लागल्या. सभागृह भरलें होतें; लोक आपले ठेवणींतले, पण आतां अंगावर लोंबणारे कपडे घालून आले होते. बाहेर कर्ण्यांवरून सारें शहर ऐकत होतें, आणि कांहीं कर्णे मुद्दाम शत्रूच्या खंदकांच्या दिशेनें लावलेले होते.

रचनेचा पहिला भाग सर्वांत प्रसिद्ध आहे. प्रारंभीं प्रसन्न, भारदस्त असें सुरांचें निवेदन होतें. मग आपल्या ताशाच्या जातीच्या एका लहान वाद्याचा ठेका, ऐकूं येईल न येईल इतका हलका, सुरू होतो. त्यावर एक साधी, जवळजवळ पोरकट वाटावी अशी चाल येते. ती चाल न बदलतां बारा वेळां येते. दर खेपेस नवीं वाद्यें तींत मिळतात, आवाज वाढत जातो, आणि जी पोरकट वाटली होती ती शेवटीं सर्व कांहीं तुडवीत जाणारी होते. ऐकणारास प्रथम हंसूं येतें आणि मग आपण कां हंसलों याची शरम वाटते. जुलमाची चाल जगांत अशीच येत असते. पुढें करुण रस आहे, आठवणी आहेत, मृतांसाठीं शोक आहे. आणि चौथ्या भागाच्या शेवटीं विजय आहे, पण तो फार कष्टानें वर चढून आलेला. कार्यक्रम संपल्यावर कांहीं वेळ शांतता होती, मग टाळ्यांचा कडकडाट झाला, असें वर्णन आहे. एका मुलीनें एलियासबर्गच्या हातीं फुलांचा गुच्छ दिला. ज्या शहरांत मोकळ्या जागा खणून कोबी लावला जात होता, तेथें कोणीतरी फुलें राखलीं होतीं.

आपल्या महाराष्ट्रांतही त्याच युद्धाचा एक पडसाद उमटला. शाहीर अण्णाभाऊ साठे यांनीं ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. दूरदेशच्या लढ्याची हकीकत डफावर मराठी कामगारांपर्यंत पोंचली, तिचा अर्थ शाहिरानें शब्दांनीं स्पष्ट सांगितला, आणि ऐकणारास तो तत्काळ कळला. सिंफनीचें तसें नाहीं. शोस्ताकोविचनें तिच्या चार भागांस प्रथम नांवें दिलीं होतीं. मागाहून तीं त्यानें काढून टाकलीं. मग तींतील ती तुडवीत जाणारी चाल कोणाची? हिटलरच्या फौजेची, असें त्या वेळीं सर्वांनीं मानलें, आणि तें वावगें नव्हतें. परंतु ज्याच्या मित्रास घरच्याच सत्तेनें गोळी घातली, त्याच्या मनांत दुसरें कांहीं नसेलच, असें कोण म्हणेल? सरकारनें ह्या सिंफनीचा डंका जगभर पिटला, आणि त्याच सरकारी पक्षानें १९४८ च्या फेब्रुवारींत ठराव करून शोस्ताकोविचवर पुन्हा बहिष्कारासारखी वेळ आणली. लेनिनग्राडच्या श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं वेढ्याच्या आधींही आपलीं माणसें गमावलीं होतीं. त्यांविषयीं उघड रडण्याची सोय नव्हती. त्या संध्याकाळीं त्यांनीं कोणासाठीं डोळे पुसले, हें विचारणारा कोणी नव्हता. जेथें शब्दांवर पहारा असतो, तेथें निःशब्द वाद्यांचा हा उपयोग आहे.

ह्याचा आणखी एक दाखला द्यावयाचा तर १८९९ सालचा देतां येईल. तेव्हां फिनलंडवर रशियाच्या झारचा अंमल होता आणि वृत्तपत्रांची गळचेपी चालू होती. सिबेलियसनें त्या वेळीं रचलेलें, पुढें ‘फिनलंडिया’ म्हणून प्रसिद्ध झालेलें वाद्यसंगीत पुष्कळदां दुसऱ्याच निरुपद्रवी नांवाखालीं वाजवावें लागे. श्रोते मात्र काय तें ओळखत. पण इतिहासाची गति पाहा. ज्या फिनलंडनें रशियाच्या जुलमास सुरांनीं उत्तर दिलें, त्याचेंच सैन्य १९४१ सालीं लेनिनग्राडच्या उत्तरेस, जर्मनांच्या बाजूस, उभें होतें.

म्हणून संगीतापासून मनुष्य आपोआप सज्जन होतो, असा भोळा निष्कर्ष कोणीं काढूं नये. त्याच १९४२ सालीं एप्रिलमध्यें, हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, बर्लिनमध्यें फुर्टवेंगलर यांनीं बेथोवेनची नववी सिंफनी वाजविली, आणि तीही उत्कृष्ट. विश्वबंधुत्वाचें तें संगीत ऐकून समोर बसलेल्या अधिकाऱ्यांपैकीं कोणाचा हात आंखडला, असें इतिहासांत नमूद नाहीं. उलट त्याच बेथोवेनच्या पांचव्या सिंफनीचे आरंभींचे चार स्वर इंग्रजांनीं रेडिओवरून जर्मनांविरुद्ध विजयाची खूण म्हणून वापरले. सुरांस देश नाहीं, आणि ते चोरापासून स्वतःचें रक्षणही करूं शकत नाहींत. वाजविणारा कोण, कोणासाठीं वाजवितो आणि त्यासाठीं काय सोसतो, यावरच त्यांची किंमत ठरते.

सिंफनीनें वेढा उठला, हेंही आम्ही म्हणणार नाहीं. १९४३ च्या जानेवारींत सैन्यानें लढून एक चिंचोळी वाट मोकळी केली आणि १९४४ च्या जानेवारीच्या २७ तारखेस वेढा पुरता उठला. भूक भाकरीनें भागते, स्वरांनीं नव्हे. मग ह्या कार्यक्रमानें साधलें काय? वेढा घालणाराचा हेतु ह्या लोकांस केवळ मारण्याचा नव्हता. मरण्यापूर्वीं त्यांनीं एकमेकांच्या हातांतील तुकडा हिसकावणारीं जनावरें व्हावें, हाही त्याचा परिणाम होताच, आणि कित्येक ठिकाणीं तसें झालेंही. अशा वेळीं ऐशीं-शंभर अस्थिपंजर माणसें एका ठिकाणीं बसतात, आपली पाळी येईपर्यंत मात्रा मोजतात, दुसऱ्याचा स्वर ऐकून आपला लावतात, आणि आरंभिलेलें तडीस नेतात. जनावरांस हें साधत नाहीं. शत्रूच्या खंदकापर्यंत जें ऐकूं गेलें तें मुख्यतः हेंच.

१९६४ सालीं, वेढा उठल्यास वीस वर्षें झालीं त्या दिवशीं, हयात असलेले वादक त्याच एलियासबर्गच्या हाताखालीं पुन्हा एकत्र बसले आणि त्यांनीं ती रचना वाजविली. रचनाकार स्वतः समोर होता. मधल्या काळांत त्यांचें फारसें कौतुक झालें नव्हतें. एलियासबर्गला तर मोठ्या वाद्यवृंदांत मानाची जागाही मिळाली नव्हती.

तेव्हां सुज्ञ वाचकांस आमची विनंति एवढीच आहे. घरांत ओढगस्त आली तर काटछांट अवश्य करावी. पण गाण्याची शिकवणी सर्वांच्या आधीं बंद करण्यापूर्वीं एक वेळ थांबून विचार करावा. मुलानें किंवा मुलीनें चारचौघांबरोबर बसून, आपली पाळी येईपर्यंत गप्प राहून, दुसऱ्याच्या सुरांत आपला सूर मिळविण्याचा अभ्यास केला असेल, तर तो कोणत्या दिवशीं कामास येईल हें आज सांगतां येत नाहीं. तसा कठीण दिवस आपल्या मुलांबाळांवर कधींही न येवो; पण आलाच, तर त्यांस मात्रा मोजतां याव्यात.